‘पाणी नको’ म्हणाले ती मी

माझं काम काय, असं कुणी विचारलं तर हल्ली मी एका वाक्यात उरकते. थाळीला लेप लावते, एवढंच सांगते. लोक ‘हो का’ म्हणतात आणि चहा मागवतात. ते काम शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरातला एकच माणूस मला मिळाला, तो माझा मोठा भाऊ. आणि त्याला ती थाळी दिसू शकत नव्हती.

चामोर्शीकडच्या आमच्या गावात, घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत बसून मी दादाला ते सांगितलं होतं. बशीएवढी एक प्लास्टिकची थाळी असते. तिच्या तळावर आम्ही रेणूंच्या लांब साखळ्या उगवतो. त्यांचं एक टोक तळाला घट्ट आणि दुसरं मोकळं. इतक्या दाट उगवतो की आडवं पडायला जागाच नसते, म्हणून सगळ्या उभ्या राहतात.

“पऱ्ह्यावानी,” दादा म्हणाला.

रोवणीआधी धानाची रोपं वाफ्यात खेटून उभी असतात ते पऱ्हे. शास्त्रात आमच्या लेपाला ब्रश म्हणतात आणि मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं दात घासायच्या ब्रशचं उदाहरण देत आले होते. पऱ्हे जास्त बरोबर आहे. पुढच्या तुकडीपासून मी तेच सांगायला लागले आणि शहरातली पोरं माझ्याकडे बघत राहिली.

पुढचं त्याला सांगितलं. अंगाएवढी ऊब असली की या साखळ्या आपल्यातलं पाणी टाकून आखडून बसतात. अशा वेळी त्यांच्यावर जिवंत पेशी सोडल्या तर त्या चिकटतात, वाढतात, एकमेकींना धरतात. दोनेक आठवड्यांत दुधावरच्या सायीएवढा पातळ पापुद्रा तयार होतो. मग थाळी थंड करायची. साखळ्या पुन्हा पाणी पिऊन ताठ होतात आणि वरचा पापुद्रा अख्खा सुटून येतो. खरवडायला नको, औषधानं तोडायला नको. तो पापुद्रा डॉक्टर डोळ्याच्या बुबुळावर बसवतात.

“थंड केल्यावरच सुटते?”

“हो.”

“मंग आपल्या इकडं मे महिन्यात नाई सुटाची.”

मी हसले, पण त्याचं खरं होतं. आमच्या कृतीच्या कागदावर ‘खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवा’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं चंद्रपूरची मे महिन्यातली खोली पाहिलेली नाही. त्या खोलीत आमचा पापुद्रा थाळीला धरून बसला असता.

मग दादानं मान माझ्या दिशेनं वळवली आणि विचारलं, “माह्या डोयावर बसंन का ते?”

मी म्हणाले, “बसेल.” इतक्या ठामपणे म्हणाले की आज त्या शब्दाची लाज वाटते.

त्याचे डोळे चुन्यानं गेले. त्याला आता बावीस वर्षं झाली. जयंतीला चार दिवस होते. जयंतीच्या आधी आमच्या मोहल्ल्यात घरं स्वच्छ होतात, निळे झेंडे लागतात आणि विहाराला चुना होतो. डब्यातले रंग तेव्हाही मिळत होते, पण विहाराच्या बाहेरच्या भिंतीला चुनाच लावायचा असा जुन्या माणसांचा हट्ट होता. आणि तो चुना घरीच विझवायचा. लोखंडी ड्रममध्ये चुन्याचे खडे टाकायचे, वरून पाणी सोडायचं आणि बांबूनं ढवळायचं. खडे फुटतात, वाफ निघते, ड्रम हात लावू देत नाही. लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं. चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दादा ढवळत होता. मी गडचिरोलीहून सुट्टीला आलेली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, घरातली पहिली कॉलेजात गेलेली. नुकतीच एक परीक्षा देऊन आले होते आणि तिच्यात हाच प्रश्न होता: चुनखडी भाजून केलेल्या चुन्यात पाणी मिसळल्यास काय होते, समीकरण लिहा. मी लिहिलं होतं आणि पुढे ‘प्रचंड उष्णता बाहेर पडते’ असं अधोरेखित केलं होतं.

ड्रमच्या तळाशी अडकलेला मोठा खडा फुटला. पांढरा गरम लगदा सरळ वर उडाला आणि वाकलेल्या दादाच्या तोंडावर बसला. तो बांबू टाकून खाली बसला, दोन्ही हात डोळ्यांवर. ओरडलासुद्धा नाही. तोंडातून नुसता हुं हुं असा आवाज येत होता.

आई बोअरिंगवरून पाणी घेऊन येत होती. पितळेचा गुंड, आमच्याकडची मोठी कळशी, काठोकाठ भरलेला. ती धावत आली आणि गुंड खांद्यावरून उतरवून त्याच्या तोंडावर ओतणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला.

मी म्हणाले, “पाणी नको. चुना उकळेल. डोळे भाजतील.”

आई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकत होते. ती कधी शाळेत गेली नव्हती. तिच्या हातांना बरोबर काय ते कळलं होतं आणि ते तिनं माझ्या शब्दावर सोडून दिलं. तिनं गुंड खाली ठेवला. मी तिला पदरानं पुसायला सांगितलं. कुणीतरी जवसाचं तेल आणलं, तेही मी डोळ्यांत सोडू दिलं, कारण तेलात चुना उकळत नाही, हेही मला ठाऊक होतं. मग जीप शोधण्यात वेळ गेला, आणि तालुक्याचा दवाखाना काही जवळ नव्हता.

तिथल्या नर्सबाईंनी त्याला बघताच आडवं केलं आणि सलाईनची बाटली फोडून सरळ डोळ्यांत सोडली. एक संपली की दुसरी, मग तिसरी. पाणी वाहत असतानाच त्या म्हणाल्या, “घरी पानी काऊन नाई टाकलं? चुना गेला तं धो धो पानी टाका लागते. पह्यल्या मिनिटाले.”

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या आधी आई बोलली. “सुचलं नाई, बाई,” ती म्हणाली. “मले काईच सुचलं नाई.”

त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मरेपर्यंत आई त्याबद्दल माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. ओल्या चुन्यातली उष्णता बहुतेक निघून गेलेली असते. डोळ्याला जाळतो तो त्याचा खार, आणि खार जात राहतो आत आत, जोवर पाणी त्याला धुऊन काढत नाही. हे पुढच्या वर्षीच्या पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

दादाचा डावा डोळा पूर्ण गेला. उजव्यात उजेड-अंधार तेवढा कळायचा. बुबुळावर पांढरट कातडं चढलं.

दोनेक वर्षं तो घरात बसून राहिला. मग चौकातल्या पानठेल्यावर त्याला काम मिळालं, खर्रा घोटायचं. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन तळहातानं घासत राहायचं, एकजीव होईपर्यंत. त्याला डोळे लागत नाहीत. चुना किती, हे तो बोटाच्या टोकानं ओळखायचा आणि त्याच्या हातचा खर्रा खायला लोक मोटरसायकलवरून यायचे. ज्या चुन्यानं डोळे नेले त्यात त्याची बोटं दिवसभर असत. माझ्या अंगावर काटा यायचा. त्याला त्यात काही वाटत नव्हतं. “काम हाय बाई,” तो म्हणायचा.

मी गावी गेले की बसमधून उतरून पहिल्यांदा पानठेल्याकडेच जायची. मी काही बोलायच्या आधी, दहा पावलांवरून, तो हात न थांबवता म्हणायचा, “आली का बाई?” चप्पल कोणती का असेना. एकदा मुद्दाम अनवाणी गेले, तरीही म्हणाला.

तिथंच मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून त्याच्या अपघाताची गोष्ट ऐकली. कुणा परगावच्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता. “दोन्ही डोये जाऊन राह्यले होते. पन माही बहीण घरी होती, सायन्सवाली. तिनं पानी टाकू देलं नाई. टाकलं असतं तं डोये उकळले असते. तिच्यामुळंच एका डोयात उजेड राह्यला.”

तेव्हा मी एम.एस्सी.ला होते आणि खरं काय ते मला पक्कं ठाऊक होतं. मी शेजारी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. त्याला त्या गोष्टीचा आधार आहे, तो कशाला काढून घ्यायचा, असं मी स्वतःला समजावलं. खोटं. आधार मला होता.

मग मी या थाळ्यांच्या कामात शिरले. जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रानं मागे छापलं होतं की भावाला दृष्टी देण्यासाठी बहीण शास्त्रज्ञ झाली. दादानं ते कात्रण पानठेल्यावर लावून घेतलं. मला ते फाडून टाकावंसं वाटायचं. भावाच्या प्रेमापोटी रात्रंदिवस झटणारी बहीण वगैरे जे काय त्यात होतं ती मी नव्हे. मी चूक करून पळालेली आणि पळता पळता प्रयोगशाळेत पोचलेली बाई होते. पण काम मी इमानानं केलं, हेही सांगते. साखळ्या फार आखूड राहिल्या तर पापुद्रा सुटत नाही. फार लांब झाल्या तर पेशी बसतच नाहीत. त्या दोहोंच्या मधली लांबी धरायला मला नऊ वर्षं लागली.

ज्याचा एक डोळा चांगला असतो, त्याच्या चांगल्या डोळ्याच्या कडेच्या पेशी घेऊन पापुद्रा वाढवता येतो. दादाचे दोन्ही गेलेले. अशा माणसासाठी गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी घेतात. ते अस्तर मऊ, ओलं असतं, डोळ्यावर बरंच जमून जातं. आमच्या थाळ्या वापरून एका मोठ्या इस्पितळात असे रोगी घेणं सुरू झालं, तेव्हा मी यादीत दादाचं नाव घातलं आणि गावी जाऊन सपरीत बसून त्याला तो लेप समजावून सांगितला. तोच तो दिवस, मी ‘बसेल’ म्हणाले तो. आई तोवर गेली होती.

मी त्याला शहरात आणलं. रेल्वेत त्यानं डबा उघडला तर भातावर वरण ओतून अगदी पातळ केलेलं. पोळी नको म्हणाला. मिरचीचा ठेचा मी आवर्जून आणला होता, त्याच्या आवडीचा. त्यानं हात लावला नाही. “तोंड आलं हाय जरासं,” म्हणाला. मी म्हटलं, प्रवासाची उष्णता असेल. मी वर्षातून दोनदा त्याला भेटत होते. प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांत बघायचे, बॅटरी मारून. त्याच्या तोंडाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तपासणाऱ्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. आमची प्रयोगशाळा त्यांना माहीत होती, म्हणून माझ्याशी आदरानं बोलल्या. त्यांनी दादाला तोंड उघडायला सांगितलं. ते दोन बोटांएवढं उघडलं. “अजून,” त्या म्हणाल्या. “एवढंच उघडते,” दादा म्हणाला. त्यांनी आत दिवा मारला आणि मला बोलावलं. गालाचं अस्तर पांढरं पडलेलं, ताणलेल्या दोऱ्यांसारखे कडक पट्टे. बोट लावलं तर ते हलत नव्हतं. वीस वर्षं खर्रा घोटणारा माणूस दिवसभर खर्राच चघळणार, दुसरं काय करणार? मी शास्त्रज्ञ, मला ते सुचलं नव्हतं.

“इथून काही मिळणार नाही,” डॉक्टर हळू म्हणाल्या. “या पेशी थाळीवर वाढणारच नाहीत. आणि हे आधी तपासायला पाठवावं लागेल.” पुढे ते तपासलं. कॅन्सर निघाला नाही, तेवढं झालं.

मग त्या कागद भरायला बसल्या. कधी झालं, कशानं झालं. दादा सांगत होता. शेवटी त्यांनी विचारलं, “त्या वेळी डोळे पाण्यानं धुतले होते का?”

दादा ताठ बसला. “नाई मॅडम,” तो म्हणाला. “ही होती ना तवा घरी. हिनं टाकूच देलं नाई पानी. म्हून तं एवढा तरी उजेड राह्यला.”

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. फरशी पांढरी होती, तिच्यावर निळे ठिपके होते. कागदावर लिहिल्याचा आवाज आला आणि त्यांनी पान उलटलं.

परतताना दादा माझीच समजूत काढत होता. “तुही थाली चांगलीच हाय. माहं तोंडच खराब हाय, त्याले तू काय करशीन?” बल्लारशाह येईपर्यंत तो असंच काहीबाही बोलत होता. मी खिडकीबाहेर बघत रडत होते. त्याला दिसत नव्हतं याचा मी फायदा घेतला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. डॉक्टरांनी खर्रा बंद करायला सांगितला होता, त्यानं खाणं सोडलं, घोटणं कसं सोडणार? दुपारी मी पानठेल्यावर गेले. एक बाप्या चुन्याची डबी दाबत होता, ती गच्च बसलेली. दादानं आवाजावरून ओळखलं. “जरा तोंडापासून दूर धर,” तो म्हणाला. “आन डोयात उडाला तं पानी नोको टाकू. पुसून घेजो, तेल टाकजो. माही बहीण मोठी सायंटिस्ट हाय, तिनंच सांगतलं हाय.”

तो बाप्या मान डोलावून निघून गेला. किती जणांना सांगितलं असेल त्यानं हे? वीस वर्षं, चौकातल्या ठेल्यावर, चुन्याच्या डबीशेजारी बसून. मी त्याच्या बाकावर बसले.

“दादा, ते चूक आहे,” मी म्हणाले. “पाणीच टाकायला पाहिजे होतं. लगेच. खूप. मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, आणि मी सांगितलं नाही.”

त्याचे हात खर्ऱ्याच्या कागदावर चालू होते. ते चालूच राहिले, फक्त हळू झाले.

“किती नंतर?”

“एक वर्षानं.”

मग तो म्हणाला, “मायजवळ पानी होतं तवा?”

“होतं. गुंड.”

“भरून?”

“भरून.”

हात थांबले. “मले वाटे पानीच नोतं जवळ,” तो म्हणाला. “मंग माय काऊन नाई बोलली?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले.

त्यानं कागद उलगडला, खर्रा बोटानं चाचपला, पुडी बांधली आणि बाजूला ठेवली. दुसरा कागद घेतला. मला वाटलं, तो ओरडेल, कात्रण फाडायला सांगेल. मला तेच हवं होतं. त्यानं सुपारी घेतली, तंबाखू घेतली, आणि चुन्यात बोट बुडवायच्या आधी क्षणभर हात वरच धरला. मी तिथून उठून घरी आले. संध्याकाळी तो जेवला आणि अंथरुणावर पडला.

सकाळी जाग आली तेव्हा तो गेलेला होता. माझी बस चौकातूनच होती. बॅग घेऊन मी निघाले आणि वळणावर थांबले. पानठेल्याच्या फळीवर, चुन्याच्या डबीला लागून, आईचा पितळी गुंड ठेवलेला होता. आमच्या चुलीमागच्या फळीवरून त्यानं तो चाचपडत काढला असेल, बोअरिंगवर नेऊन भरला असेल, आणि काठीनं वाट शोधत पार चौकापर्यंत आणला असेल. वाटेभर पाणी सांडल्याच्या खुणा होत्या.

तो ठेल्यावरच्या दोघातिघांना सांगत होता. “डोयात चुना गेला तं पह्यले पानी. भरून पानी. कोनी थांबवलं तं ऐकू नोको.”

एक जण म्हणाला, “पह्यले तं तू पानी नोको म्हने.”

“पह्यले मले चुकीचं माहीत होतं,” दादा म्हणाला. कुणी सांगितलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. कात्रण त्याच्या डोक्यामागे तसंच लावलेलं होतं.

मी दहा पावलांवर गेले, मग पाचांवर. पायातली चप्पल नेहमीचीच होती. त्याची मान किंचित माझ्या दिशेनं वळली आणि थांबली. मी वाट बघितली. त्यानं पुढचा कागद हातात घेतला आणि घासायला लागला. बस आली, वाहकानं घाई केली, आणि मी चढले.